आहेरबाई आणि पिसपतंग

आहेरबाईंसमोर ‘साधारण’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. भाजीवाला म्हणाला, “साधारण अर्धा किलो आहे, ताई,” की बाई विचारायच्या, “साधारण म्हणजे किती?” रिक्षावाला म्हणाला, “साधारण दहा मिनिटं लागतील,” की त्यालाही तेच. यात चेष्टा नसायची. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं. समोरचा गोंधळला की त्या स्वतःशीच मान हलवत पुढे चालू लागायच्या, आणि त्यांच्याबरोबर असलेल्या माणसाला, म्हणजे बहुतेक वेळा मला, त्यांच्यामागे धावावं लागायचं.

सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत आम्ही दोघी तपासणी विभागात होतो. काचेचं दार असलेली एक थंड खोली, दोन ग्रॅनाइटची टेबलं, मोजायची उपकरणं आणि आम्ही दोघी. यंत्रांवर तयार झालेले सुटे भाग ट्रेमधून आमच्याकडे यायचे. ते मोजायचे, बरोबर असतील तर हिरवी चिठ्ठी, नसतील तर लाल. मी लागले तेव्हा बाई तिथे बरीच वर्षं होत्या. उंच, काटकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर कंपनीचा निळा कोट. पायात काळे कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट घालणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “निर्मला, घाई करू नकोस. पण रेंगाळूही नकोस.” या दोन्हींच्या मध्ये नेमकं काय करायचं ते मला अकरा वर्षांत कळलं नाही.

स्वतः बाई सतत हलत असायच्या. एक भाग मोजून झाला की खोलीत एक फेरी, मग दुसरा. डबा खिडकीशी उभं राहून खायच्या. चहाचा कप अर्धा पिऊन कुठेतरी ठेवायच्या आणि विसरायच्या. दिवसाअखेरी मी पाच-सहा अर्धे कप गोळा करायची. मात्र मायक्रोमीटर हातात आला की बोटं अगदी शांत. “थांब, अजून एकदा,” एवढंच पुटपुटायच्या. हे ‘अजून एकदा’ किती वेळा होईल, याचा नेम नसायचा.

त्यांचं मूळ गाव सटाण्याकडलं. बोलणं आमच्यासारखंच, नाशिकचं. पण राग आला की आतून अहिराणी उसळायची. “हाई काय शे?” असा आवाज आला की खोलीबाहेरचे लोकही सावध व्हायचे. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सातपूर कॉलनीत छोटंसं बैठं घर होतं, तिथे त्या आणि त्यांची आई गिरजाबाई, अशा दोघीच राहायच्या.

इस्माईलभाई म्हणून लेथ यंत्रावरचे एक जुने टर्नर होते. हात सोन्यासारखा, तोंड मात्र तिखट. एकदा बाईंनी त्यांच्या बुशांचा, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्यांचा, अख्खा ट्रे लाल चिठ्ठी लावून परत पाठवला. इस्माईलभाई तसेच तेलकट हातांनी काचेचं दार ढकलून आत आले. “बाई, माझी उमर या लेथवर गेली. मला माप शिकवता?”

“तुम्हीच मोजा,” म्हणत बाईंनी मायक्रोमीटर त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी मोजलं. माप खरंच जास्त होतं. मायक्रोमीटर टेबलावर ठेवून निघून गेले. बाई जिंकल्या, असं मला वाटलं. पण जेवणाच्या सुट्टीत त्या खिडकीशी उभ्या होत्या, हातात पोळीचा घास तसाच होता, आणि एकाएकी म्हणाल्या, “निर्मला, तो ट्रे गरम होता.”

“मग?”

“यंत्रावरून थेट आणला होता त्या पोरांनी. गरम धातू फुगतो. मी निवू दिला नाही.”

घास डब्यात टाकून त्या सुटल्या. ट्रे आणला, टेबलावर पसरला, थांबल्या, आणि एकेक बुश पुन्हा मोजला. सगळे बरोबर. मग तो ट्रे स्वतः उचलून त्या शॉपवर गेल्या. मी मागे. सगळ्या यंत्रांचा आवाज, माणसं बघताहेत, आणि बाई इस्माईलभाईंच्या लेथसमोर उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, “माझं चुकलं. तुमचे बुश बरोबर आहेत.” आणि लाल चिठ्ठ्या तिथेच एकेक करून फाडल्या. इस्माईलभाईंनी लेथ बंद केला. “ठीक आहे, ठीक आहे,” म्हणाले, आणि तेलकट हात पुन्हा पुन्हा पुसत राहिले. कंपनीत कुणी वरच्या माणसानं असं म्हटलेलं त्यांनी आयुष्यात ऐकलं नसावं.

पतंग आमच्या खोलीत आला तो त्याच वर्षी, हिवाळा सुरू होताना.

आमच्याकडे प्रोफाइल प्रोजेक्टर नावाचं एक यंत्र होतं. छोटा भाग त्याच्या काचेवर ठेवला की वरच्या गोल पडद्यावर त्याची सावली वीसपट मोठी दिसते. स्क्रूचे आटे वगैरे त्यावर तपासतात. त्या सकाळी मी दिवा लावला तर पडद्यावर इंग्रजी टी अक्षरासारखं काहीतरी उमटलं. गवताची काडी पडली असेल म्हणून मी फुंकर मारणार, तेवढ्यात बाईंनी माझा हात धरला. “त्याला पाय आहेत.”

काचेवर जेमतेम नखाएवढा एक पतंग मरून पडला होता. पंख गुंडाळून आडवे पसरलेले, म्हणून टी. बाईंनी टाचणीच्या टोकानं एक पंख हलकेच उलगडला, आणि पडद्यावर पिसं उमटली. पुढचा पंख टोकाकडून दोन भागांत चिरलेला, मागचा मुळापासून तीन भागांत, आणि प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी बारीक केसांची झालर. मोराचं पीस कुणीतरी चिमणीएवढं, नाही, मुंगीएवढं करून ठेवावं तसं. लांबच लांब पाय, त्यांना काटे. मागच्या पंखाच्या तिसऱ्या पिसाच्या मध्यावर खवल्यांचा एक दाट झुबका.

बाई बघत राहिल्या. मग त्यांनी वहीत त्याची मापं लिहिली. पंखांची, पायांची, झुबका कुठून कुठवर आहे त्याची. व्यवस्थापक आत आले. “हे कुठल्या ऑर्डरचं आहे?” त्यांनी विचारलं.

“कुठल्याच नाही,” बाई म्हणाल्या. “पण बघा तरी.”

तेही वाकून बघत राहिले. त्यामुळे ओरडायचं राहून गेलं.

आमच्या भाषेत या पतंगाला नाव नाही, असं बाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच पिसपतंग हे नाव ठेवलं. पुढच्या काही महिन्यांत सगळ्या कंपनीला त्यांचं वेड कळलं. इस्माईलभाई काडेपेटीत किडे घालून आणून द्यायचे. पहिल्या काडेपेटीत झुरळ निघालं. बाईंनी तेही गंभीरपणे पाहिलं. “हे नाही, इस्माईलभाई. पण पाय अखंड आहेत हां.” ते खूश.

निवृत्त झाल्यावर तर बाईंना मोकळं रान मिळालं. सकाळी सातला काळे बूट घालून घराबाहेर. पाठीवर शाळकरी दप्तर, त्यात काडेपेट्या, भिंग, पाण्याची बाटली आणि पोळीचा रोल. मिळेल ती बस, मिळेल ती जीप. एका जागी तासभर थांबल्या की त्यांना वाटायचं, खरा पतंग पुढच्या वळणावर आहे. पुढच्या वळणावर गेल्या की मागचं झुडूप नीट पाहिलं नाही, अशी चुटपुट. मी रविवारी त्यांच्याबरोबर जायची आणि सोमवारी पाय चोळत कामावर.

त्यांच्या घरामागे घेवड्याचा वेल होता, तो गिरजाबाईंचा. आई ऐंशीच्या पुढची, ठेंगणी, ठणठणीत. घेवड्याच्या कळ्यांत हिरव्या केसाळ अळ्या व्हायच्या, त्या ती रोज सकाळी चिमटीत धरून चिरडायची. बाईंनी एक अळी बरणीत वाढवली, आणि तिच्यातून आमच्या प्रोजेक्टरवरचाच पतंग निघाला. तपकिरी, पुढच्या पंखावर गडद त्रिकोण. म्हणजे ज्याच्यासाठी लेक नाशिक पालथं घालत होती, तो आई रोज परसात मारत होती. त्यावरून मायलेकींची जुंपायची. “भाजी खाशी का किडा खाशी?” असं आईचं म्हणणं. शेवटी वेलाची वाटणी झाली. भिंतीकडचा अर्धा आईचा, तारेकडचा लेकीचा.

अंजनेरीला आम्ही गेलो तो रविवार मला स्वच्छ आठवतो. त्र्यंबकच्या रस्त्यावर उतरून डोंगराच्या दिशेनं निघालो. बाई इतक्या भराभर चालत होत्या की मी दोनदा त्यांना हाक मारली. एका शेताच्या बांधावर रानवालाचा वेल पसरला होता. बाई थबकल्या. मग गुडघ्यांवर बसल्या. मग आडव्याच झाल्या.

शेतातली एक बाई नागलीची कणसं खुडता खुडता उठून आली. “काय हरपलं काय, बाई? का औषध शोधताय?”

“औषध नाही. किडा,” बाई आडव्या पडूनच म्हणाल्या.

“किडा व्हय! तो आमच्याकडं लय हाय. समदा घेऊन जा.”

वेलाच्या देठांवर तीन पिसपतंग बसले होते. पण हे वेगळे दिसत होते. वाळल्या गवतासारखे फिके पिवळे, घरच्या पतंगांपेक्षा मोठे, आणि पुढच्या पंखावर त्रिकोणाचं नावही नाही. बाई उठल्या तेव्हा त्यांच्या गालाला माती लागली होती. काडेपेटी त्यांच्या हातून दोनदा पडली. शेवटी ती मी धरली.

ते तिन्ही पतंग पुण्याला गेले. तिथे अशा पतंगांचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक होते. बाई त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायच्या. ओळख पत्रांतून झालेली. पतंगांचं वर्गीकरण नुसत्या रंगावर होत नाही, हे त्यांनीच बाईंना शिकवलं होतं. पंख झिजतात, रंग उडतात. म्हणून नराच्या पोटाचं टोक औषधात मऊ करून, उलगडून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तिथे एक बारीकशी आकडी असते. प्रत्येक जातीची आकडी वेगळी. बाईंनी जुना सूक्ष्मदर्शक मिळवून तेही शिकून घेतलं होतं. मला समजावताना म्हणाल्या होत्या, “नाव दोन शब्दांचं असतं. आधी आडनाव, मग नाव. सरकारी कागदावर असतं तसं. आडनाव घराण्याचं, नाव त्या एकाचं.”

सरांचा फोन आला तेव्हा मी बाईंच्या घरीच होते. तिन्ही नर होते, आणि तिघांची आकडी घेवड्यावरच्या पतंगापेक्षा चांगलीच लांब होती. रंग वेगळा, वेल वेगळा, आकडी वेगळी. “आहेरबाई, हा नवा आहे असं दिसतंय. मी शोधनिबंध लिहायला घेतो. आडनाव तेच राहील. नाव तुमच्यावरून ठेवू.”

बाई फोन घेऊन स्वयंपाकघरातून अंगणात गेल्या, अंगणातून परत आत आल्या. “माझ्यावरून नको,” त्या म्हणाल्या. “आईच्या नावावरून ठेवा. गिरजा.”

लॅटिनच्या नियमानं गिरजाचं ‘गिरजाए’ होणार होतं. हे आईला सांगायचा प्रसंग काही विचारू नका. ती तांदूळ निवडत होती.

“किडाले मनं नाव?”

“हो. जगभर. कायमचं.”

“मंग ते ‘ए’ कसाले लावस? ए गिरजा, ए गिरजा... माले कोनी हाक मारी रायना का?”

पण सूप बाजूला ठेवून ती आत गेली आणि नवं लुगडं नेसून आली. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून वेलावरची अळी मारणं बंद. आता वाटणीही राहिली नाही. सगळा वेल अळ्यांचा. त्या मोसमात त्यांच्या घरी घेवड्याची एक शेंगही शिजली नाही. देवळातल्या भजनाच्या बायकांना, दूधवाल्याला, सटाण्याला एका लग्नात भेटलेल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना गिरजाबाईंनी सांगितलं. मला एकदा हळूच म्हणाली की शेत नवऱ्याच्या नावावर होतं, घर लेकीच्या, आणि रेशनकार्डावर तर तिचं नाव ‘गिरीजा’ असं चुकीचंच लागलंय.

आणि त्याच दिवसांत बाईंनी ती अंडी वाढवली.

झालं असं, की त्या एकट्याच पुन्हा अंजनेरीला गेल्या आणि एक फिकट मादी जिवंत घेऊन आल्या. बरणीत घेवड्याच्या कळ्या होत्या, त्यांवर तिनं अंडी घातली. टाकून देता आली असती. पण बाईंना वाटलं, बरंच झालं, पुण्याला नुसते तीन नमुने आहेत, आणखी मिळतील, नाव पक्कं होईल. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, अगदी हेच शब्द. “नाव पक्कं करायला गेले गं मी.”

अळ्या झाल्या, कोश झाले. मग एका सकाळी सातलाच माझ्या दाराची बेल वाजली. बाई दारात. पायात बूट होते, पण दप्तर नव्हतं. “चल,” म्हणाल्या. मी चहा विचारला तर त्या जिना उतरायलासुद्धा लागल्या होत्या.

त्यांच्या टेबलावर थर्माकोलच्या पट्टीवर एकोणीस पतंग टोचून ठेवले होते. एकाच आईची एकोणीस पोरं. डावीकडून पहिला अंजनेरीसारखा फिका पिवळा. दुसरा किंचित काळसर. चौथ्या-पाचव्याच्या पंखावर त्रिकोणाची नुसती सावली. मग सावली गडद होत गेलेली, आणि उजवीकडचा शेवटचा थेट घेवड्यावरचा, आमच्या प्रोजेक्टरवरचा.

“आकडी?” मी विचारलं.

“अकरा नर आहेत. आठ दिवस तेच करतेय. पण माझ्यावर भरवसा नको. तू मोज.”

अकरा काचपट्ट्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. मी एकेक मोजत गेले, त्या आकडे न बघता माझ्या पाठीमागे येरझाऱ्या घालत राहिल्या. मी आकडे लिहिले आणि आलेखाच्या कागदावर त्यांचे ठिपके काढले. लहान आकडीपासून मोठ्या आकडीपर्यंत अकरा ठिपके, एकमेकांना जवळजवळ चिकटून, जिन्यासारखे चढत गेलेले. मोठा पतंग, मोठी आकडी. छोटा पतंग, छोटी. बस्स, एवढंच.

बाईंनी पेन्सिल माझ्या हातात दिली. “आता रेघ ओढ.”

“कसली?”

“या बाजूला जुना, त्या बाजूला नवा. तू म्हणशील तिथे ओढ. मी काही बोलणार नाही.”

मी पेन्सिल घेतली. सहाव्या आणि सातव्या ठिपक्यांच्या मधे धरली. मग चौथ्या आणि पाचव्याच्या मधे. मग पुन्हा सगळे ठिपके पाहिले. आतल्या खोलीत गिरजाबाई कुणाशी तरी फोनवर बोलत होती, आणि ‘गिरजाए’ हा शब्द मला ऐकू आला. मी पेन्सिल खाली ठेवली.

आणि मग मी जे बोलले ते मला आजही आठवलं की उठून उभं राहावंसं वाटतं. मी म्हणाले, “आहेरबाई, ही अंडी तुम्ही वाढवलीत हे कोणाला माहीत आहे? पट्टी झाकून ठेवा. सर म्हणताहेत ना नवा, तर नवा. आईचं नाव तरी राहील.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे मला रात्रीपासून दहा वेळा वाटलंय. म्हणून तर तुला बोलावलं. वाटलं, तू तरी नाही म्हणशील.”

मी उठून घरी आले. त्यानंतर आठवडाभर बाई घरी सापडायच्या नाहीत. कुणी सांगायचं सोमेश्वरला दिसल्या, कुणी म्हणायचं पपया नर्सरीपाशी, भर उन्हात पायी. दप्तर नसायचं. पतंग बघत नव्हत्या. नुसत्या चालत होत्या. त्यांच्या टेबलावर एका कागदावर ‘गिरजाए’ हे नाव इंग्रजीत वेगवेगळ्या वळणांनी लिहून ठेवलेलं मी आधी पाहिलं होतं. शाळेतली मुलगी सही बसवते तसं. तो कागद आता तिथे नव्हता.

मग त्यांनी सरांना फोन केला. त्या वेळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून शेजारी बसवलं. फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

बाईंनी अकराही आकडे वाचून दाखवले. सर म्हणाले, “आहेरबाई, निबंध गेलाय छापायला. तो येऊ दे. मग आपण सवडीनं या पिल्लांचं बघू. शास्त्रात असं होतं.”

“मग नमुन्यांच्या लेबलांवरचं माझं नाव काढा,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही ताणताय.”

“मी तुम्हाला तीन दिले होते, सर. तीन तुकड्यांवर आम्ही कारखान्यात साधा बुशसुद्धा पास करत नव्हतो. मी बोलायला हवं होतं तेव्हाच. बोलले नाही, कारण मला ते नाव हवं होतं.”

फोन कट झाला. बाईंचा गुडघा टेबलाखाली एकसारखा हलत होता, सगळं टेबल थरथरत होतं. “हाई बरं नही झायं,” त्या म्हणाल्या. रागाशिवाय अहिराणी बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

सरांबद्दल एक सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः पुण्याहून बसनं आले. साठीचा, थकलेला, घामेजलेला माणूस. टेबलाशी बसून त्यांनी एकोणीस पतंग पाहिले, अकरा काचपट्ट्या पाहिल्या. तास-दीड तास गेला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “परत मागवतो निबंध.” मग थोड्या वेळानं, “फिके का होतात पण?”

“ऊन असेल, कोरडी हवा असेल. जे कोश गच्चीवर होते त्यांतले जास्त फिके निघाले. पण मी नीट मोजलेलं नाही. माहीत नाही.”

“मग माहीत नाही असंच लिहू.”

जाताना ते गिरजाबाईंच्या पाया पडले. ती पाय ओढून घेऊन आत निघून गेली. तिला तोपर्यंत कळलं होतं.

आई लेकीशी सोळा दिवस बोलली नाही. हा आकडा बाईंचा आहे. जेवायला वाढायची, पण ताट जमिनीवर आपटून. देवळात जाणं बंद केलं. तिथे बायका विचारतील म्हणून. आणि एका दुपारी बाई बाहेर असताना तिनं परसातला सगळा वेल, भिंतीकडचा आणि तारेकडचाही, मुळासकट उपटून गल्लीच्या तोंडाशी नेऊन टाकला. मी त्याच संध्याकाळी गेले होते. बाई उघड्या पडलेल्या तारेसमोर उभ्या होत्या. कोश गेले, अळ्या गेल्या, सगळंच गेलं होतं. मला वाटलं आता अहिराणी ऐकू येणार. पण त्या वाकल्या आणि मातीतली तुटलेली मुळं एकेक करून वेचू लागल्या.

गिरजाबाई मागच्या दारात येऊन उभी राहिली. “तुले कोनी सांगेल व्हतं?” ती म्हणाली. “ते अंडा वाढावाले तुले कोनी सांगेल व्हतं?”

“कोणी नाही, आई.”

“मंग?”

बाईंनी आणखी एक मूळ उचललं. म्हातारी तशीच उभी. मग पायऱ्या उतरून आली, आणि लेकीच्या शेजारी उकिडवी बसून ती पण मुळं वेचायला लागली. मी तिथून निघून आले. पुढच्या महिन्यात तिथे घेवडा उगवलेला दिसला. कोणी पेरला, ते दोघींपैकी एकीनंही मला सांगितलं नाही.

त्यानंतर बाईंनी इतर पतंगांकडे मोर्चा वळवला. फिरणं वाढलंच. बस, जीप, कधी कुणाच्या टेम्पोत पुढे बसून सिन्नरपर्यंत. फोन केला की मागे हमखास हॉर्न ऐकू यायचा. सहा-सात महिन्यांनी सरांनी एक छोटीशी टिपणी छापली: फिका आणि गडद हे दोन्ही एकाच जुन्या जातीचे आहेत, आणि हे नाशिकच्या एका निवृत्त तपासनीस बाईंनी एकाच मादीची पिल्लं वाढवून दाखवलं. दीड पानाचा मजकूर. नव्या नावाच्या निबंधासारखी त्याची कुणी वाट बघत नसतं. सरांनी त्याच्या प्रती पाठवल्या. बाई गेल्यावर गिरजाबाईंनी त्यातली एक मला दिली. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, तरी घडी मोडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून ठेवली होती. बाई गेल्या त्याच पावसाळ्यात, झोपेत, काही न होता. त्याच्या तीन महिने आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं.

एप्रिलचे दिवस होते. मी भावाला सोडायला महामार्ग बसस्थानकावर गेले होते. त्याची गाडी निघून गेली आणि मी वळले, तर पुण्याच्या बसच्या रांगेत बाई. काळे बूट, दप्तर, हातात ती छापील टिपणी. मला बघून त्यांनी रांग सोडली नाही, पण कागद हवेत हलवला.

“छापलं की हो!” मी म्हणाले. “अभिनंदन!”

“अभिनंदन कसलं? हे बघ.” तक्त्यातल्या एका आकड्याभोवती त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केला होता. “बाराच्या जागी एकवीस छापलंय. सगळ्यांत छोटी आकडी सगळ्यांत मोठी करून ठेवली. आता कुणी तक्ता बघितला तर म्हणेल, हा बघा, हा एक वेगळा आहे.”

“मग फोन करायचा ना सरांना.”

“केला. हो हो म्हणाले. दोनदा हो म्हणणारा माणूस करत नाही, निर्मला. समोर बसून करून घेते.”

“आणि एवढ्यासाठी पुण्याला? या उन्हात?”

“रात्रीपर्यंत परत येते. आईला डबा करून ठेवलाय.”

रांग हलली. बाई चढल्या. बस भरलेली होती, पण एका कॉलेजच्या मुलीनं उठून त्यांना खिडकीची जागा दिली. त्या बसल्या, लगेच उठल्या, दप्तर वर ठेवलं, पुन्हा काढून मांडीवर घेतलं. कंडक्टरनं घंटी मारली. तेव्हा त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी तो कागद बंद काचेला आतून दाबून धरला, बोटानं आधी एक आकडा दाखवला, मग दुसरा, आणि काहीतरी सांगू लागल्या. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी हसून मान डोलावली, कळलं म्हणून.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मानेनंच ‘नाही’ म्हणाल्या. बोट पुन्हा पहिल्या आकड्यावर नेलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बस वळून रस्त्याला लागली तरी त्या सांगतच होत्या.